नव्वद ते अठ्ठ्याण्णवच्या मधलं काहीतरी

वैजापूर मागे पडलं की समृद्धी महामार्ग इतका सरळ होतो की स्टिअरिंगवर हात नुसते ठेवलेले असतात. जालन्याहून आईला घेऊन नाशिकला परत येत होतो. गाडी नवी, अजून सीटच्या प्लास्टिकचा वास न गेलेली. मी चालवत होते, शेजारी नवरा, मागे आई. आईची स्टीलची बाटली मागच्या दाराच्या कप्प्यात होती आणि तिचं झाकण एकदम वाजायला लागलं. बारीक, सलग, डासाच्या आवाजापेक्षा जरा जाड. नवऱ्याने मागे वळून झाकण घट्ट केलं. तरी वाजतच राहिलं. मग मला ते माझ्या मांडीखाली जाणवलं, टाचेखाली जाणवलं. आरशातली मागची गाडी किंचित फिसकटलेली दिसायला लागली. काट्याकडे पाहिलं तर ९२. पाय सैल सोडला, वेग ८० वर आला, बाटली गप्प. पुन्हा ९० च्या वर नेली, पुन्हा सुरू. १०५ वर नेली तर सगळं शांत, जणू काही झालंच नव्हतं.

नवरा म्हणाला, सिमेंटचा रस्ता आहे, वाजणारच. हे म्हणणं अगदीच टाकाऊ नव्हतं. सिमेंटच्या रस्त्यात दर चारपाच मीटरवर सांधा असतो आणि त्यावरून चाक गेलं की ठप्प-ठप्प असा ताल लागतो. पण तो ताल मोजता येतो, कानाला येतो, वेग वाढवला की नुसता जलद होतो. मध्येच उगवून मध्येच मावळत नाही. हे त्याहून बारीक आणि खालून येणारं होतं. सिन्नरजवळ महामार्ग सोडून साध्या डांबरी रस्त्याला लागल्यावर एका मोकळ्या टप्प्यात मी मुद्दाम ९२ गाठले. बाटली वाजली. नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं आणि इतक्या वर्षांच्या संसारात कमावलेल्या सगळ्या शहाणपणाने तोडगा सुचवला, "मग ९२ ला चालवूच नकोस ना."

यावर हसायला हवं होतं आणि हसलेही. पण डोक्यातून जाईना. आधीची गाडी चौदा वर्षं वापरली होती. तिला स्वतःचा असा एक आवाज नव्हताच, अनेक आवाजांचं ते संमेलन होतं. डॅशबोर्ड कुरकुरायचा, मागची काच खडखडायची, तिसऱ्या गिअरला कुणीतरी कण्हायचं. त्यातलं काहीच कधी खटकलं नाही. जुन्याचं आपण सगळं पोटात घालतो. नवीन गाडी मात्र हप्त्यावर आलेली असते. नवश्या गणपतीला नेऊन हार घातलेला असतो, चारही चाकांखाली लिंबं ठेवून ती फोडलेली असतात, शेजाऱ्यांना पेढे गेलेले असतात. तिच्यात काही असू नये अशी आपली इच्छा इतकी जबर असते की असलेलंही नाकारावंसं वाटतं, आणि त्याच वेळी कान मात्र पोलिसाच्या कुत्र्यासारखे टवकारलेले. एकीकडे "आपलाच भास" आणि दुसरीकडे "लाखो रुपये मोजलेत". या दोन्हींच्या मध्ये मी पुढचे कित्येक दिवस गाडी चालवली. ऑफिसला जाता-येता शहरात वेग कधी ५० च्या वर जातच नाही, त्यामुळे आठवडाभर सगळं उत्तम आणि रविवारी इगतपुरीकडे निघालं की पुन्हा ती थरथर.

सर्व्हिस सेंटरला नेली. तिथला सल्लागार मुलगा मोठ्या अदबीचा होता. पाणी, कॉफी, "बसा मॅडम". मी सगळं सांगितलं: ९० ते ९८ मध्ये, मागच्या बाजूने, सीटमधून, डांबरावरही. त्याने टॅबवर काहीतरी टिपलं आणि विचारलं, "सर नाही आले?" सरांना काही जाणवत नाही, हे मी सांगितलं असतं तर तक्रार तिथेच निकाली निघाली असती, म्हणून गप्प राहिले. मग तो म्हणाला, नव्या गाडीची सवय व्हायला वेळ लागतो मॅडम, सस्पेन्शन जरा कडक असतं. टेस्ट ड्राइव्हला माणूस गेला, तो वीस मिनिटांत परत आला. दुपारच्या वेळी, नाशकात, वीस मिनिटांत कुणी ९२ चा वेग गाठून आला असेल तर त्याचा सत्कारच करायला हवा. त्यांनी हवा तपासली, ती ४० च्या वर निघाली. गाड्या आणताना टायरात जास्त हवा भरलेली असते आणि डिलिव्हरीच्या आधी ती उतरवायची असते, ते राहून गेलं होतं. दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरप्रमाणे ३३ केली. चारही चाकांचं बॅलन्सिंग केलं, म्हणजे चाक मशीनवर फिरवून वजन जिथे कमी तिथे छोटे तुकडे चिकटवले. मशीनवर शून्य आल्याचं मला बोलावून दाखवलं. जॉबकार्डवर लिहिलं होतं की ग्राहकाच्या म्हणण्यानुसार गाडी थरथरते, तपासणीत दोष आढळला नाही, गाडी ठीक आहे.

त्या रविवारी घोटीच्या अलीकडे बाटली पुन्हा वाजली.

माझे वडील जालन्याच्या एसटी आगारात मेकॅनिक होते. लहानपणी शाळेतून येताना मी आगारात डोकावायचे. डिझेलचा, ग्रीसचा आणि तापलेल्या रबराचा एकत्र वास, पिटात उतरलेली माणसं, त्यांची फक्त डोकी दिसायची. ड्रायव्हर येऊन सांगायचा, गाडी हालतीय. यावर बाबा गाडीकडे बघायचेसुद्धा नाहीत, आधी ड्रायव्हरलाच उभा-आडवा घ्यायचे. रिकामी असताना हालते की भरल्यावर? चढाला की उताराला? ब्रेक दाबल्यावर वाढतं का? क्लच दाबल्यावर थांबतं का? पाय सोडल्यावर काय होतं? ड्रायव्हर वैतागायचा, त्याला चहा प्यायला जायचं असायचं. पण चारपाच प्रश्नांत निम्मी गाडी बाद झालेली असायची. क्लच दाबून थांबलं तर इंजिनच्या बाजूचं, ब्रेकवर वाढलं तर ड्रमचं, ओढताना वाढून सोडल्यावर कमी होत असेल तर इंजिनची ताकद चाकांकडे नेणाऱ्या प्रॉपेलर शाफ्टचा क्रॉस, म्हणजे सांधा, किंवा सेंटर बेरिंग. आणि कशानेच काही फरक पडत नसेल, फक्त वेगाचंच ऐकत असेल, तर चाकं. मग ते खाली उतरायचे. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक बेरिंगच्या घरावर आणि मूठ कानाला लावून उभे राहिलेले बाबा मला अजून दिसतात. डोळे मिटलेले, तोंड किंचित उघडं. त्या वेळी त्यांच्याशी बोलायचं नाही हे आगारातल्या कुत्र्यालाही माहीत होतं.

तर मी स्वतःलाच उभं-आडवं घेतलं. पहाटे रस्ता मोकळा असताना ९२ ला पाचव्यातून चौथ्या गिअरमध्ये आले. इंजिनचे फेरे वाढले, आवाज बदलला, थरथर तशीच. म्हणजे इंजिन संशयातून सुटलं. मागेपुढे कुणी नाही असं बघून क्षणभर न्यूट्रल केलं (हे वाहत्या रस्त्यावर कुणीही करू नये), तरी तशीच. शाफ्ट आणि त्याचे सांधे सुटले. हलका ब्रेक लावला, पेडल धडधडलं नाही, डिस्क सुटली. एसी बंद, तेच. स्टिअरिंग हातात शांत होतं आणि सीट थरथरत होती. पुढचं चाक बिघडलं की ते हाताला सांगतं, मागचं बिघडलं की बुडाला. बाबांचं हे वाक्य घरी पाहुण्यांसमोर बोलायला आईची बंदी होती. घराजवळच्या पंक्चरवाल्याकडून मागची दोन चाकं पुढे आणि पुढची मागे टाकून घेतली. त्या संध्याकाळी ९२ ला स्टिअरिंग माझ्या हातात थरथरलं. इतका आनंद मला नवीन गाडीची किल्ली हातात आली तेव्हासुद्धा झाला नव्हता.

आई तेव्हा आमच्याकडेच होती. जेवताना मी हे सगळं रंगवून सांगत होते तर ती म्हणाली, "मला तं जालन्याहून येतानाच जाणवलं होतं. पायाला मुंग्या आल्यावानी." मग बोलली का नाहीस? ती भाकरी मोडत राहिली. नवीन गाडीला नावं कशी ठेवायची म्हणाली, जावई शेजारी बसलेला. मी तिच्याकडे बघतच राहिले. चाळीस वर्षं मेकॅनिकच्या घरात काढलेली बाई, रात्री बाबा यायचे ते आज काय सापडलं हे सांगतच, आणि तिने ते सगळं ऐकून कुठेतरी ठेवून दिलेलं. मी सर्व्हिस सेंटरमध्ये साक्षीदार शोधत होते आणि साक्षीदार मागच्या सीटवर बसून पाय चोळत होती. मला तिचा राग आला, तिची दयाही आली, आणि खरं सांगायचं तर सगळ्यात आधी हायसं वाटलं.

मुलाला हे कळल्यावर त्याला वेगळाच चेव चढला. तो इंजिनिअरिंगला आहे. त्याने फोनमध्ये 'फायफॉक्स' नावाचं ॲप टाकलं. जर्मनीतल्या आखेन विद्यापीठात तयार झालेलं, फुकट मिळणारं. फोनमधला जो सेन्सर एरवी स्क्रीन आडवी-उभी करतो, तोच हादरे मोजतो, आणि सेकंदाला किती वेळा हादरा बसतो याचा आलेख समोर येतो. फोन मागच्या सीटच्या पट्ट्याजवळ चिकटवला. ९२ ला आलेखात एकच सुळका उभा राहिला, साडेतेराच्या आसपास. मग पार्किंगमध्ये टायरवर आणि जमिनीवर खडूची खूण केली, मी आणि वॉचमनदादांनी गाडी ढकलली, चाकाचा एक फेरा पूर्ण झाला तिथे दुसरी खूण, मध्ये टेप. १ मीटर ९० सेंटिमीटर. ताशी ९२ म्हणजे सेकंदाला साधारण साडेपंचवीस मीटर. भागाकार वॉचमनदादांनी मोबाइलवर केला: साडेतेरा. चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला एक धक्का. रस्ता नाही, इंजिन नाही, भास तर नाहीच नाही.

मग हे सगळ्याच वेगांना का नाही? कारण चाक, हब आणि त्याच्या सोबतीचं लोखंड टायरवर आणि स्प्रिंगवर तोललेलं असतं आणि त्यालाही हलायचा स्वतःचा एक वेग असतो, मोटारींमध्ये बहुधा सेकंदाला दहा ते पंधरा वेळा. चाकाचे फेरे त्या आकड्याशी जुळले की एरवी गिळला जाणारा धक्का फुगतो. पुढे गेलं की जुळणी मोडते. एसटीची खिडकीची काच ठरावीक वेगाला जिवाच्या आकांताने वाजते आणि गाडी जरा पळाली की मुकी होते, ते याच कारणाने; शेजारी बसलेला प्रवासी कागदाची घडी करून फटीत खोचतो तेव्हा तो याच जुळणीत मोडता घालत असतो. आणि धक्का म्हणजे तरी किती? रिमच्या कडेला २० ग्रॅम जास्त असले, म्हणजे चारपाच नाण्यांइतकं वजन, तरी नव्वदीत ते चाकाला अडीच किलोच्या आसपास जोराने बाहेर ओढतं, फेऱ्याफेऱ्याला. वेग निम्मा केला की ती ओढ पाव होते. शहरातल्या टेस्ट ड्राइव्हला काहीच सापडलं नाही यात तसा त्या माणसाचा दोष नव्हता. फक्त तिथे ते सापडणारच नव्हतं.

पण बॅलन्सिंगचं काय? मशीनवर तर शून्य आलं होतं.

याचं उत्तर जुन्या आग्रा रोडवरच्या एका टायरवाल्या काकांकडे मिळालं. पत्र्याची शेड, बाहेर टायरांची उतरंड, आत रबर, साबणाचं पाणी आणि अगरबत्ती. त्यांनी माझं ऐकून घेतलं, मध्ये एकदाही "सर" विचारले नाहीत, आणि म्हणाले, "ताई, मशीन चाकाला हवेत फिरवतं. गाडीचं वजन त्याच्यावर कुठं असतंय?" लंबोळका बटाटासुद्धा सुईवर नीट तोलून धरता येतो, पण तेवढ्यावरून तो जमिनीवरून सरळ गडगडत जात नाही. चाक तोललेलं असूनही गोल नसू शकतं. काकांनी गाडी जॅकवर घेतली, संशयित चाक हाताने फिरवलं आणि टायरच्या पाठीशी एक खडू स्थिर धरला, विटेवर मनगट टेकवून. खडू बहुतेक फेरा कोरडाच राहत होता, एका जागी फक्त हलकं खस्स. तिथे पांढरा ओरखडा उठला. टायरचा उंचवटा. गाडी महिनोन्‌महिने यार्डात उभी राहिली की टायर खालून चपटा बसतो, हे माहीत होतं. तसा चपटेपणा वीसेक मिनिटं चालवून टायर तापला की बहुधा जातो. हा जात नव्हता. टायरच्या भिंतीवरचा चार आकड्यांचा शिक्का पाहिला, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. टायर ताजाच होता. मग काकांनी टायर उतरवला आणि नुसती रिम फिरवून तिच्या कडेला खडू धरला. तिथेही एका बाजूला खस्स.

दोन्ही ओरखडे एकाच बाजूला होते.

काका खूश झाले. म्हणजे खरोखर, एखाद्याचा नातेवाईक सापडावा तसे. त्यांचं म्हणणं होतं की असा मिलिमीटरभराचा फरक सगळ्याच टायरांत असतो, सगळ्याच रिमांत असतो. एखाद-दीड मिलिमीटरपर्यंत कुणी विचारत नाही, कारखान्यात दोन्ही पास होतात आणि होऊ द्यायलाच हवेत, नाहीतर टायर कुणाला परवडणार. हे टायर पास होतं. ही रिमही पास होती. फक्त ज्या दिवशी कुणीतरी त्यांची गाठ घालून दिली, त्या दिवशी याचा उंचवटा नेमका तिच्या उंचवट्यावर बसला. काही टायरांवर येतो तो लाल ठिपका याचसाठी असतो, कुठली बाजू कुठे बसवायची ते सांगायला. पण तो धुवून जातो, किंवा बसवणाऱ्याला घाई असते. मी विचारलं, मग चूक कुणाची? काकांनी खांदे उडवले. साबणाचं पाणी लावून टायर रिमवर अर्धा फेरा फिरवला, म्हणजे एकाचा उंचवटा दुसऱ्याच्या खोलाव्यात आला, हवा भरली, पुन्हा बॅलन्सिंगला लावला. आधीच्या चिकटवलेल्या पट्टीतले निम्म्याहून जास्त तुकडे आता लागलेच नाहीत. ते काढलेले पाचपाच ग्रॅमचे तुकडे त्यांनी माझ्या हातावर ठेवले, का कोण जाणे. मी घरी आणले.

थरथर गेली. पूर्ण गेली का, हे मी शपथेवर सांगू शकत नाही, कारण आता मी ९२ ला असले की सगळं शरीरच कान होऊन बसतं आणि असं बसलं की रस्त्यात काही ना काही सापडतंच. आलेखातला सुळका बसला, एवढं मुलगा दाखवतो. नवऱ्याला आधीही काही जाणवत नव्हतं, आताही नाही. तो म्हणतो पैसे वसूल झाले, कारण तू आता हसतेस. आईला विचारलं तर म्हणाली, एसीचा झोत गुडघ्यावर येतो, त्याचं काही होतं का बघ.

नंतर सर्व्हिस सेंटरमधून फोन आला. गोड आवाजाची मुलगी, पाठ केलेली वाक्यं. तुमच्या गाडीची तक्रार दूर झाली का मॅडम? झाली, म्हटलं. मग दहापैकी दहा लिहू का? मी तिला थांबवून सांगायला लागले, की दूर झाली पण तुमच्याकडे नाही, टायर रिमवर अर्धा फिरवला, दोन्हींचे उंचवटे एकाच बाजूला होते, तुमच्या सल्लागाराला हे सांगा म्हणजे पुढच्या माणसाचा वेळ वाचेल. ती शांतपणे ऐकत होती. मग म्हणाली, "मॅडम, इथे फक्त आकडा टाकायची जागा आहे." तिचा काय दोष. वागायला सगळे चांगलेच होते, कॉफीही बरी होती. आठ लिहा, म्हटलं, आणि आपण उदार झालो अशा समाधानात फोन ठेवला. माझा भाचा पुण्यात एका शोरूममध्ये कामाला आहे. त्याला हे सांगितलं तर तो कळवळून म्हणाला, "मावशी, आठ? अगं, त्यांच्यात नऊच्या खाली म्हणजे नापास धरतात."